सुई परत येताना

बहुतेक मीटरांची सुई आवाज आला की उजवीकडे उसळते. मी सांगतो आहे त्या मीटरची सुई उलट्या स्वभावाची. ती आधीच शून्याच्या खुणेवर, उजव्या अंगाला जाऊन उभी असते. गाणारा मध्यात गात असतो आणि सुई ढिम्म हलत नाही. तो टिपेला गेला की सुई डावीकडे झुकते. तीन, पाच, कधी सात. यंत्राने आवाज किती डेसिबल खाली ओढला, त्याचा हा आकडा. स्वर उतरला की सुई पुन्हा शून्याकडे निघते. कंप्रेसर आणि लिमिटर या यंत्रांबद्दल बोलताना लोक बहुधा ती आवाज कसा दाबतात ते सांगतात. मला मात्र इतक्या वर्षांत पटलेली गोष्ट अशी की यंत्राची खरी जात कळते ती दाबलेला आवाज सोडताना, सुई परत येताना.

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका लहान स्टुडिओत एका कीर्तनकार ताईंचं नारदीय कीर्तन ध्वनिमुद्रित करायचं काम माझ्याकडे आलं. निरूपण करताना ताईंचा आवाज शेजारी बसून गोष्ट सांगावी इतका खाली येई, आणि त्याच ओघात झांजा वाजून गजर उसळे. पहिल्या दिवशी निरूपण नीट ऐकू यावं म्हणून मी लेव्हल चढवून ठेवली आणि पहिल्याच गजराला आवाज फाटला. आख्यानातला फार सुंदर प्रसंग होता तो. ‘ताई, पुन्हा एकदा घेऊ या का?’ मी विचारलं. ‘घेऊ की दादा,’ त्या म्हणाल्या, ‘पण मघाचं मघाशीच झालं.’

दुसऱ्या दिवशी मी हात नॉबवरच ठेवला. गजराआधी ताई एक भरून श्वास घेतात हे लक्षात आल्यावर त्या श्वासाची वाट पाहू लागलो. तरी कधी हात लवकर उतरे आणि शब्दाची शेपटी बुडे, कधी उशीर होई आणि झांजेचा टोला निसटे. नॉब उतरवणं हळूहळू जमलं. गजर संपल्यावर तो पुन्हा किती वेगाने चढवायचा, हे काही केल्या जमेना. पटकन चढवला की ताईंच्या मागची पेटी आणि खोलीतली घरघर धावत पुढे येई. सावकाश चढवला की पुढच्या निरूपणाचे पहिले दोन-तीन शब्द पाण्याखाली जात. तिसऱ्या दिवशी मी एका मित्राकडून जुन्या अमेरिकन धाटणीचा कंप्रेसर मागून आणला. त्याने माझ्या हाताचं काम हाती घेतलं, आणि ते काम मी का करू शकत नव्हतो हेही मला शिकवलं.

नॉबवरचा हा हात रेडिओच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक स्टेशनवर होता. तेव्हाच्या एएम प्रक्षेपणात कार्यक्रमाचा आवाज रेडिओ-लहरीची उंची कमीजास्त करून पाठवला जाई. आवाज मर्यादेबाहेर गेला की लहर तळाशी तुटे, श्रोत्याला फाटका आवाज येई आणि त्याची खरखर शेजारच्या स्टेशनांच्या जागेतही घुसे. आवाज फार खाली ठेवला तर दूरच्या गावात तो वातावरणाच्या कुरकुरीत बुडून जाई. म्हणून एक इंजिनिअर कार्यक्रमभर नॉबवर बसलेला असे. तबकडी कापणाऱ्यांची अडचण त्याहून ढोबळ होती. आवाज मोठा झाला की खाच रुंद वळणं घेते आणि शेजारच्या खाचेच्या भिंतीला जाऊन भिडते. मग घरी ऐकणाऱ्याची पिन उडी मारते.

१९३७ साली वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने नॉबवरच्या त्या हाताचं काम करणारं ११०-ए नावाचं यंत्र बाजारात आणलं. प्रक्षेपणासाठी विकला गेलेला हा अगदी सुरुवातीचा लिमिटर. आपल्याकडचे जुन्या वळणाचे गायक मात्र हे काम गळ्याने आणि मानेने करत. एकाच मायक्रोफोनसमोर गायची सवय झालेले लोक तार सप्तकात जाताना मान किंचित वळवत किंवा अर्धं पाऊल मागे सरत. ते शिकवावं लागत नसे. ज्याला ते येई त्याचं ध्वनिमुद्रण करणं हा आजही आनंद असतो.

पुढे जाण्याआधी चार शब्दांशी ओळख हवी, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. आवाज उंबरठ्याच्या आत असेपर्यंत यंत्र त्याला हात लावत नाही. उंबरठा ओलांडला की रेशो लागू होतो. रेशो चारास एक असेल तर उंबरठ्याच्या आठ डेसिबल वर गेलेला आवाज दोनच डेसिबल वर गेलेला ऐकू येतो. विसास एक केला तर आवाज जवळपास भिंतीला टेकतो, आणि तेव्हा त्याच यंत्राला लिमिटर म्हणायची पद्धत आहे. आवाज वर गेल्यावर यंत्र किती लवकर पकडतं तो अटॅक, आणि आवाज उतरल्यावर किती वेळाने सोडतं तो रिलीज. पहिले तीन शब्द वहीत मांडून समजतात. चौथा कानानेच समजतो.

माझ्या मित्राच्या यंत्राचा मूळपुरुष म्हणजे टेलिट्रॉनिक्स एलए-२ए. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथल्या जिम लॉरेन्स यांनी १९६०च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात तो घडवला. नावातली ‘एलए’ ही अक्षरं लेव्हलिंग ॲम्प्लिफायरची, म्हणजे आवाज समतल करणाऱ्या यंत्राची. दर्शनी पट्टीवर दोनच मोठी बटणं. एकाने आवाज किती दाबायचा ते ठरतं, दुसऱ्याने दाबून लहान झालेला आवाज पुन्हा किती मोठा करायचा ते. अटॅकचं बटण नाही, रिलीजचंही नाही. ते दोन्ही निर्णय लॉरेन्स यांनी वापरणाऱ्याच्या हातात दिलेच नाहीत, एका डबीत बंद केले.

ती डबी उघडून पाहण्यासारखी आहे. टी-४ असं तिचं नाव. जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हसारखीच खाली खिळे असलेली, खाचेत दाबून बसवायची धातूची डबी. आत मिट्ट काळोख. त्या काळोखात एक पातळ चकती आहे, जिला विजेचा दाब मिळाला की ती हिरवट-निळी उजळते. तिच्यासमोर कॅडमियम सल्फाइडचे दोन फोटोसेल. या पदार्थाचा गुण असा की अंधारात तो विजेला अडवतो आणि उजेडात वाट देतो. रस्त्यावरचे दिवे संध्याकाळी आपोआप लावायला असेच सेल वापरत. आता गाण्याचा विद्युतप्रवाह या चकतीकडे वळवला की गाणं जितकं जोरात, तितका उजेड जास्त. उजेड वाढला की पहिला फोटोसेल वाट देतो, आणि गाण्यातला तेवढा भाग त्या वाटेने जमिनीत जिरतो. आवाज स्वतःच दिवा लावतो आणि त्या दिव्यामुळेच खाली येतो. दुसरा फोटोसेल नुसता साक्षीदार आहे. तोही तोच उजेड पाहतो आणि मीटरच्या सुईला खबर देतो.

ही व्यवस्था जितकी सुंदर तितकीच संथ. पकडायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. सोडण्याची रीत अधिक विलक्षण. दाबलेल्यातला निम्मा भाग साठेक मिलिसेकंदांत सुटतो आणि उरलेला निम्मा सुटायला अर्ध्या सेकंदापासून कित्येक सेकंद जातात. किती, ते आधी काय घडलं त्यावर ठरतं. फोटोसेलवर क्षणभर उजेड पडला तर तो लवकर पूर्ववत होतो. बराच वेळ झगझगीत उजेड पडला असेल तर त्याला अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. भर दुपारी अंगणातून माजघरात आल्यावर आपलं जे होतं, तेच. आधी उतरंडीचा नुसता आकार दिसतो, मग मडक्यांच्या कडा, आणि बऱ्याच वेळाने कोपऱ्यातला पाटा-वरवंटा.

आता ताईंच्या कीर्तनाकडे परत या. निरूपणात एखादाच शब्द ठासून आला तर डबी तो पकडून लगेच सोडून देई. सुई झुके आणि उठे, कानाला काही कळत नसे. पण गजर दोन मिनिटं चालला की फोटोसेल उजेडाने भरून जाई. गजर थांबल्यावर सुई अर्ध्यापर्यंत चटकन येई आणि मग पुढे हळूहळू सरकत राही. तेवढ्या वेळात ताई पदर सावरून, श्वास घेऊन निरूपणाकडे वळत. पेटी धावत पुढे येत नव्हती, पहिले शब्द बुडत नव्हते. माझा हात एकाच वेगाने नॉब चढवत होता, ही माझी चूक होती. या डबीला दोन वेग होते आणि तिला मागचं आठवत होतं.

हे आठवणं मुद्दाम बसवलेलं नाही, ते पदार्थाच्या अंगचं आहे. पण लॉरेन्स यांनी ते अडचण म्हणून काढून टाकलं नाही, उपयोगी म्हणून ठेवलं. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड सिटीतलं फेअरचाइल्ड ६७० हे यंत्र मात्र डबीत मावणारं नव्हतं. वीस व्हॉल्व्ह, दहाहून जास्त ट्रान्सफॉर्मर आणि तीसेक किलो वजन. एकट्या माणसाने ते रॅकमध्ये चढवायचा प्रयत्न करू नये. त्याचे रचनाकार राइन नार्मा मूळचे एस्टोनियाचे. युद्धानंतर न्यूरेंबर्ग खटल्यांच्या वेळी त्यांनी ध्वनियंत्रणेवर काम केलं आणि तिथून ते अमेरिकेत आले. गिटारवादक आणि बहुपदरी ध्वनिमुद्रणाचे प्रणेते लेस पॉल यांच्यासाठी त्यांनी हा लिमिटर घडवला. पुढे विमानं आणि कॅमेरे बनवून नाव कमावलेल्या शर्मन फेअरचाइल्ड यांनी त्याचे हक्क घेतले आणि १९५०चं दशक संपता संपता यंत्र बाजारात आलं.

इथे उजेड नाही. इथे आवाज दाबतो तो व्हॉल्व्हच. ६३८६ या व्हॉल्व्हचा गुण असा की त्याच्या जाळीवरचा विजेचा दाब बदलला की आवाज वाढवण्याची त्याची ताकदच कमीजास्त होते. एका बाजूला असे चार, स्टिरिओच्या दोन्ही बाजू मिळून आठ. मोठा आवाज आला की जाळीवरचा दाब बदलतो आणि सगळे व्हॉल्व्ह एकदम नमतं घेतात. मुख्य काम होतं तबकडी कापण्याचं. स्टिरिओ तबकडीत खाच आडवीही हलते आणि उभीही. उभी हालचाल फार झाली की पिन खाचेतून उचलली जाते. म्हणून ६७० मध्ये डावं-उजवं सोडून आडवं-उभं असं वेगवेगळं दाबायचीही सोय होती.

आणि त्याचंही रिलीज पाहा. सहा घरांचं एक बटण. पहिल्या चार घरांत सोडण्याचा वेळ ०.३ सेकंदापासून ५ सेकंदांपर्यंत वाढत जातो. सहाव्या घरात नार्मांनी वेगळंच काही केलं. एखादाच टोला आला तर ०.३ सेकंदात सोडायचं, टोल्यांमागून टोले आले तर १० सेकंद घ्यायचे, आणि आवाज सतत चढाच राहिला तर चक्क २५ सेकंद. लॉरेन्स यांच्या फोटोसेलमध्ये जे उपजत होतं, ते नार्मांनी कपॅसिटर आणि रेझिस्टर जोडून मांडून घेतलं होतं. एक पूर्व किनाऱ्यावर, एक पश्चिम किनाऱ्यावर. दोघांनाही एकच गोष्ट उमगली होती, की आवाज सोडताना मागे काय होऊन गेलं याचा हिशेब ठेवावा लागतो.

सभ्य वापरासाठी केलेलं यंत्र कुणीतरी दांडगाईने वापरतो आणि त्यातून नवा नाद निघतो. एप्रिल १९६६ मध्ये लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत तसं झालं. बीटल्सच्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’ची तयारी चालली होती. ध्वनिमुद्रक जेफ एमरिक अवघे वीस वर्षांचे. त्यांनी रिंगो स्टार यांच्या मोठ्या ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला, मायक्रोफोन तेव्हाच्या रिवाजापेक्षा फार जवळ नेले आणि सगळा ठेका ६७०च्या एका बाजूच्या भावंडातून, फेअरचाइल्ड ६६० मधून, जोरात दाबून काढला. ते गाणं कधी चांगल्या हेडफोनवर ऐका आणि ड्रमच्या टोल्याकडे लक्ष न देता टोल्यानंतरच्या झांजेकडे द्या. झांज वाजून ओसरायला हवी, ती उलट फुगून वर येते. ड्रमने यंत्राला खाली दाबलेलं असतं आणि यंत्र सोडू लागतं तसा झांजेचा उरलेला नाद वर उचलला जातो. त्या गाण्याला जो धापा टाकल्यासारखा श्वास आहे, तो असा रिलीजमधून आलेला आहे.

तिसरं यंत्र आहे बिल पुटनम यांचं. शिकागोत आणि मग हॉलिवूडमध्ये मोठे स्टुडिओ उभारणारे हे ध्वनिमुद्रक. स्वतःला लागणारी यंत्रं ते स्वतःच बनवत. व्हॉल्व्हवर चालणारा त्यांचा १७६ हा लिमिटर होता. १९६७ मध्ये त्याच्या नावाला एक आकडा जोडून त्यांनी ११७६ आणला. यात ना व्हॉल्व्ह, ना उजेड. दाबायचं काम एका ट्रान्झिस्टरकडे, फेट या जातीच्या. नुसत्या विजेच्या दाबाने त्याचा अडथळा बदलतो, आणि इतक्या झटकन बदलतो की ११७६चा अटॅक २० मायक्रोसेकंदांपर्यंत खाली जातो.

हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून मी तो अंतरात मोजतो. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एलए-२एच्या १० मिलिसेकंदांत तो जवळपास साडेतीन मीटर जातो, म्हणजे एखाद्या खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ११७६च्या २० मायक्रोसेकंदांत तो सात मिलिमीटर जातो. बासमतीच्या एका दाण्याइतकं अंतर. गिटारची तार छेडली जाते, त्या छेडण्यातला टोकदार कण बाहेर पडायच्या आत यंत्राने पकडलेला असतो.

या यंत्रावर अटॅक आणि रिलीज दोन्हींना बटणं आहेत, पण ती उलटी चालतात. उजवीकडे फिरवलं की वेग वाढतो. नवशिक्याचा पहिला दिवस इथेच जातो. रिलीज ५० मिलिसेकंद ते १.१ सेकंद. रेशोसाठी चार बटणं आहेत: चार, आठ, बारा, वीस. पुढे कुणाच्यातरी लक्षात आलं की चारही बटणं एकदम आत दाबली तर यंत्र स्वतःचे नियम मोडतं, आवाज खरखरीत आणि अंगावर येणारा होतो. ड्रमच्या खोलीत दूर लावलेल्या मायक्रोफोनवर आजही लोक ही युक्ती वापरतात.

त्याच १९६७ साली टेलिट्रॉनिक्सही पुटनम यांच्या कंपनीकडे आलं. अगदी विरुद्ध स्वभावाची दोन यंत्रं एका घरात नांदू लागली. स्टुडिओवाल्यांनी लवकरच ती एकामागे एक जोडायला सुरुवात केली. आधी ११७६ने टोकं खुडायची, मग एलए-२एने आवाज सावकाश हातात धरायचा. गायकाच्या आवाजासाठी ही जोडी आजही मला सर्वांत भरवशाची वाटते.

नंतरही चांगली यंत्रं झाली. इंग्लंडमध्ये नीव्हचा डायोडवर चालणारा २२५४ झाला, अमेरिकेत डेव्हिड ब्लॅकमर यांच्या डीबीएक्सने आवाजाच्या टोकाऐवजी त्याची सरासरी ताकद मोजणारा १६० काढला. त्यांच्यावर स्वतंत्र लिहायला हवं. इथे मला जुन्या वळणाच्या आजच्या यंत्रांकडे जायचं आहे.

१९९९ मध्ये पुटनम यांच्या मुलांनी युनिव्हर्सल ऑडिओ हे वडिलांच्या कंपनीचं नाव पुन्हा उभं केलं आणि ११७६, एलए-२ए ही यंत्रं नव्याने बनू लागली. डेन्मार्कच्या ट्यूब-टेकने उजेडाचीच कल्पना घेऊन त्यात अटॅक-रिलीजची बटणं जोडली. डेव्ह डेर यांचा डिस्ट्रेसर आतून आकड्यांनी नियंत्रित होतो आणि तरी जुन्या यंत्रांसारखा वागतो. टेक्सासच्या वॉर्म ऑडिओने हीच जुनी घडण बेताच्या किमतीत आणली. शिवाय संगणकातली प्लगइनं आहेत, ज्यांच्या पडद्यावर तीच सुई आणि तीच दर्शनी पट्टी असते.

हुबेहूब नक्कल करायला बसलं की सगळं घोडं रिलीजपाशी अडतं. रेशो मोजता येतो. अटॅकही मोजता येतो. पण फोटोसेल उजेड कसा विसरतो याचं गणित एका ओळीत बसत नाही. तो किती वेळ, किती तेजात होता यावर ते बदलतं, आणि एकाच कारखान्यातल्या दोन डब्यांतही फरक पडतो. त्यात युरोपीय संघाने २००६ पासून विद्युत उपकरणांतल्या कॅडमियमवर निर्बंध आणले. व्यावसायिक ध्वनियंत्रांतल्या फोटोसेलला मिळालेली सूट २०१३च्या अखेरीस संपली. विषारी धातूबद्दलची ती काळजी रास्तच आहे. पण त्यामुळे दुसऱ्या पदार्थाला तसंच विसरायला शिकवायचं काम बनवणाऱ्यांवर येऊन पडलं. फेअरचाइल्डची नक्कल करणाऱ्यांपुढचा पेच वेगळा. ६३८६ व्हॉल्व्हचं उत्पादन दीर्घ काळ बंद होतं, आणि जुन्या साठ्यातले व्हॉल्व्ह शोधत फिरावं लागे.

संगणकातल्या लिमिटरला आणखी एक सोय आहे. आवाज काही मिलिसेकंद रोखून धरून तो पुढे काय येणार ते आधीच पाहून घेतो, त्यामुळे त्याला कधी उशीर होत नाही. प्रक्षेपणाच्या अखेरच्या टप्प्यावर, जिथे एकही टोक निसटून चालत नाही, तिथे ते फार मोलाचं आहे. गाण्याच्या आत मात्र मला थोडा उशीर हवासा वाटतो. शब्दाचं पहिलं व्यंजन, तबल्याच्या चाटीवरचं बोट उशीर करणाऱ्या यंत्रातून जिवंत सुटतं.

घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्या वाचकाने एक प्रयोग करून पाहावा. तानपुऱ्यासह गायलेलं काही एकाच मायक्रोफोनवर घ्या. कंप्रेसर मुद्दाम जास्त लावा, सुई दहापर्यंत झुकू द्या. रिलीज सर्वांत जलद ठेवून डोळे मिटा आणि गाण्याकडे लक्ष न देता ओळीनंतरच्या मोकळ्या जागा ऐका. तानपुरा हापसल्यासारखा ऐकू येईल. प्रत्येक ओळ संपली की तो भसकन वर येईल, ओळ सुरू झाली की खाली जाईल. आता रिलीज हळूहळू वाढवत न्या. एका ठिकाणी तानपुरा जागच्या जागी बसतो. त्या जागेची खूण करून ठेवा आणि मग दाब कमी करा. बहुतेक लोक आधी दाब ठरवतात आणि रिलीज जिथे असेल तिथे राहू देतात, म्हणून त्यांचं काम दबलेलं वाटतं.

ताईंच्या शेवटच्या दिवसाच्या ध्वनिमुद्रणात आरतीनंतरची शांतता आहे. झांजा थांबल्या, ताईंनी हात जोडले, कुणीतरी सतरंजीवर सरकलं. मी ध्वनिमुद्रण लगेच थांबवलं नाही. सुई पाचावर होती. अर्धी वाट तिने पापणी लवते तेवढ्यात कापली. मग दोनावर आली, एकावर आली. खोलीतला पंखा आणि ताईंचा श्वास हलकेच ऐकू येऊ लागला. सुई शून्याला टेकली तेव्हा मी बटण दाबलं.